तीन नंबरची ऊब

विमलेशनं पितळी वाटी माझ्या नाकासमोर धरली. "भैया, चाखून बघा."

उन्हाची लू लागून पंधरवडाभर खाटेला खिळलेला मी त्या सकाळी पहिल्यांदाच कोल्डवर आलो होतो. शीतगृहाच्या मॅनेजरला लू लागावी यावरून गावानं माझी पोटभर टर उडवून घेतली होती. तोंडाला चव तर अजिबात नव्हती. तरीही बटाट्याच्या भाजीचा पहिला घास जिभेवर पडला आणि मी दचकलो. भाजी गोड होती. चांगली मुरंब्यासारखी गोड.

"साखर घातलीस की काय?"

"मी नाही घातली. तुमच्या कोल्डनं घातली," ती म्हणाली. "काल आमच्याकडे जेठजींच्या मुलीला बघायला पाहुणे आले होते. परवा मी तीन नंबरमधून नमुन्याचं पोतं नेलं होतं, त्यातलेच बटाटे रांधले. पाहुणे म्हणाले, जिलबी वेगळी कशाला मागवलीत, भाजीतच पाक आहे! सगळे हसले. मी मात्र रात्रभर जागी. भैया, तीन नंबरच्या खोलीत किती डिग्री आहे?"

"दहा," मी ठासून सांगितलं.

"चला, बघू."

गेलो. दाराशेजारच्या काट्याकडे पाहिलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. काटा तीनवर होता.

आता हे तीन आणि दहाचं काय, ते सांगितलं पाहिजे. आमच्या खंदौलीच्या पट्ट्यात पावलापावलावर कोल्ड आहे, आणि सगळीकडे बटाटा तीन डिग्रीत झोपवतात. होळीच्या सुमाराला आत जातो तो दिवाळीपर्यंत कोंब न फुटता पडून राहतो. पण एवढ्या थंडीत बटाटा अंगातल्या पिठाची साखर करतो. भाजीला ते कसंबसं चालतं, चिप्सला नाही. गोड बटाट्याची चकती तेलात पडली की काळी ठिक्कर. म्हणून चिप्सचा बटाटा दहा डिग्रीत ठेवायचा, आणि कोंब फुटू नये म्हणून औषधाचा धूर द्यायचा. हे सगळं विमलेश शेतीच्या मेळाव्यात जाऊन शिकून आली होती. तिचा नवरा जगवीर फौजेत, लांब तिकडे आसामच्या बाजूला. घरची शेती आजवर जेठ बघायचा. जेठ म्हणजे थोरला दीर, नेकराम. गेल्या पेरणीला विमलेशनं हट्ट धरला, की जगवीरच्या वाट्याची शेतं मी करणार आणि त्यात चिप्सचा बटाटा लावणार. नेकराम तापला, बडबडला आणि शेवटी एका अटीवर कबूल झाला. एक पीक. चिप्सच्या कंपनीनं माल पास केला तर ती शेतं कायमची विमलेशच्या हातात. नापास झाला तर पुन्हा नेकरामच्या हातात, आणि मग तिनं शेतीचं नावही काढायचं नाही.

ही अट ठरवताना मी मध्ये होतो. मध्ये म्हणजे अक्षरशः दोघांच्या मध्ये उभा. आमच्याकडे जेठ आणि भावजय एकमेकांशी बोलत नाहीत. जेठ खाकरतो, ती पदर हनुवटीपर्यंत ओढते, आणि काही सांगायचंच असेल तर तिसऱ्याच्या तोंडून. मी विमलेशच्या माहेरच्या गावचा, म्हणून तिचा भैया. माझ्याशी ती मोकळी बोलते. आणि नेकराम रोज माझ्याकडे हुक्का ओढायला येतो. झालं, फुकटचा दुभाषा मिळाला. घरातलीच माणसं, एका चुलीवरची भाकरी खाणारी, आणि बोलणं माझ्या कार्यालयात. "गिर्राज, तिला सांग." "भैया, त्यांना सांगा." हाताच्या अंतरावर उभे राहून! कधी कधी दोघांनाही एकेक लगावून द्यावीशी वाटायची.

असो. त्या सकाळी मी लगावून द्यायला वेगळाच माणूस शोधत होतो.

"छिद्दा!" मी ओरडलो. "ए छिद्दा उस्ताद! इकडे ये!"

छिद्दा आमचा मशीनवाला. माझ्या आधीपासून कोल्डवर आहे. अमोनियाच्या नळ्यांवर बर्फ किती चढला हे तो लांबून पाहून सांगतो, आणि थंडी हा त्याचा देव. तो हात पुसत आला, काट्याकडे पाहिलं, विमलेशकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"तू खाली आणलंस?"

"हो."

"का रे बाबा? दहाचा नियम मी दारावर खडूनं लिहिलाय!"

"पोती हाताला गरम लागत होती, मॅनेजर साहेब. बाहेर ज्येष्ठाचं ऊन. बाकी सगळ्यांची पोती गारेगार, आणि हीच बिचारी अशी. वाटलं सडतील. दया आली."

"दया!" मी कपाळावर हात मारला. करायला गेला गणपती आणि झाला मारुती. "तुला कुणी सांगितलं होतं का दया करायला?"

छिद्दा हातातलं फडकं पिळत राहिला. तेवढ्यात मागून खाकरण्याचा आवाज आला. विमलेशचा पदर झपकन खाली आला. नेकराम आला होता. मिशा पिळलेल्या, डोक्याला पांढरा गमछा. त्यानं काटा पाहिला आणि विचारलं, "तीन म्हणजे वाईट का रे, गिर्राज?"

"वाईट? सत्यानाश! माल गोड झालाय. आज कंपनीचा माणूस आला तर चिप्स नाही, कोळसे तळून देऊ त्याला."

नेकरामचं तोंड एकदम उतरलं. पैज जिंकायला आलेल्या माणसाचं तोंड असं का उतरावं, हे तेव्हा मला कळलं नाही. कळून घ्यायला वेळही नव्हता, कारण पदराआडून आवाज आला, आणि त्या आवाजात रडू नव्हतं.

"भैया, बटाटा परत उलटतो."

"म्हणजे?"

"हळूहळू ऊब दिली की साखरेचं परत पीठ होतं. सगळं नाही, पण पुष्कळसं. मेळाव्यात सांगितलं होतं. कंपनी यायला अजून अवकाश आहे. घाई केली तर बटाट्याला घाम फुटेल आणि घामानं सडेल. रोज थोडं थोडं वर न्यायचं. आणि रोज तळून बघायचं!"

शेवटचं वाक्य ती अशा उत्साहात बोलली, की मला माझा अशक्तपणा आठवेना. मी टाळी वाजवली. "छिद्दा, तीन नंबरचा अमोनिया बंद कर. पंखे चालू ठेव."

छिद्दानं असा चेहरा केला की जणू मी त्याला बापाचा गळा दाबायला सांगत होतो. "मॅनेजर साहेब, उभा जन्म गारवा दिला. आता या हातानं ऊब देऊ?"

"याच हातानं. पाप तुझं, प्रायश्चित्तही तूच घे."

त्या दिवसापासून कोल्डच्या फाटकाजवळ कडुलिंबाखाली संध्याकाळी भट्टी पेटू लागली. विमलेश तीन नंबरमधून चार बटाटे आणायची, पातळ चकत्या करायची, फडक्यावर कोरड्या करायची आणि तेलात सोडायची. पहिल्या संध्याकाळच्या चकत्या इतक्या काळ्या झाल्या, की पोती वाहणाऱ्या पल्लेदारांपैकी एकानं त्यातली उचलून दात घासायचं नाटक केलं. सगळे हसले. विमलेशही हसली, पण काळी चकती तिनं टाकली नाही. भिंतीतल्या खिळ्याला दोरा बांधून तिनं ती अडकवली.

"उद्याची याच्या शेजारी," ती म्हणाली.

झालं, गावाला तमाशा मिळाला! दिवसभर बटाट्याच्या पोत्यांखाली वाकलेले पल्लेदार संध्याकाळी अंघोळी करून भट्टीभोवती बसू लागले. रंगांना नावं पडली. पहिला कोळसा. मग आला गूळ. गूळ आला त्या दिवशी असा गलका झाला की रस्त्यावरचे ट्रॅक्टर थांबले. मग वीट. विटेवर गाडं अडलं, दोन-तीन दिवस वीटच. लोक पैजा लावू लागले, हरेल त्यानं सगळ्यांना बेडई-जिलबी, म्हणजे डाळीच्या पुऱ्या आणि जिलबी, खिलवायची. छिद्दा पैज लावायचा नाही. तो कढईजवळ उकिडवा बसायचा आणि चकतीवरचे बुडबुडे थांबेपर्यंत श्वास रोखून धरायचा.

आणि नेकराम? नेकराम तर रोज हजर. दुसऱ्याच दिवशी तो घरची मोठी कढई डोक्यावर घेऊन आला. तिसऱ्या दिवशी मोहरीच्या तेलाचा डबा. मी मनात म्हणायचो, बघा, भावजय हरताना बघायची केवढी हौस! तोंडानं मात्र हुक्का पुढे करायचो.

"गिर्राज, तिला सांग, आच मोठी झालीय."

"विमलेश, आच मोठी झालीय."

"भैया, त्यांना सांगा, तेल तापल्याशिवाय रंग खरा कळत नाही."

"ऐकलंस ना, नेकराम? का परत सांगू? मला दोन्हीकडून मजुरी द्या आता!"

पल्लेदार खो खो हसायचे. नेकराम मिशीतल्या मिशीत हसायचा, पण त्याची नजर कढईवरून हलायची नाही.

आत तीन नंबरमध्ये काटा रोज जरासा वर सरकत होता. पाच, सात, दहा, आणि मग त्याच्याही वर, कारण विमलेशचं म्हणणं, साखर परतवायची तर दहाही पुरत नाही. आता माझंही धाबं दणाणलं. ऊब वाढली की कोंब फुटतात. एका सकाळी मी पोत्यात हात घातला, तर बटाट्याच्या डोळ्यात बारीकसा पांढरा ठिपका! मी विमलेशला हाक मारली. तिनं तो बटाटा उन्हात धरून पाहिला.

"जागा झाला," ती म्हणाली. "जिवंत आहे भैया, जिवंत! आता लगेच धूर देऊ, म्हणजे पुन्हा डोळे मिटेल." आणि ती पळतच औषधाचं यंत्र आणायला गेली. तिच्या या आनंदाला मी काय म्हणावं! माझा जीव टांगणीला आणि ही बटाट्याला अंगाई म्हणतेय.

धूर दिला. त्या संध्याकाळी चकती विटेवरून सुटली आणि चहाच्या रंगावर आली. पल्लेदारांनी छिद्दाला खांद्यावर घेतलं. तो ओरडत होता, "खाली ठेवा रे, मशीन एकटं आहे!"

चहाच्या पुढे पिकलेला गहू. कंपनीच्या रंगपट्टीची एक प्रत विमलेशजवळ होती. तिच्यावरचे वरचे तीन रंग पास, खालचे नापास. गहू बरोबर सीमेवर होता, एक पाय आत आणि एक बाहेर. अजून आठवडाभर मिळाला असता तर चिंता नव्हती. आणि नेमका त्याच संध्याकाळी विमलेशचा फोन वाजला.

ती ऐकत राहिली. मग फोन बंद करून म्हणाली, "उद्या येतायत. कारखान्यात माल कमी पडलाय, म्हणून लवकर."

तेवढ्यात धुळीची आंधी उठली, कडुलिंब पिळवटला, कढईत कचरा पडला, सगळे आडोशाला धावले. नेकराम मात्र भट्टीजवळच उभा. डोळ्यांत धूळ गेली तरी खिळ्यांवरच्या चकत्यांच्या माळेकडे बघत होता. काळ्यापासून गव्हापर्यंतची ती सगळी माळ वाऱ्यावर फडफडत होती. त्यानं ती दोन्ही हातांनी धरून ठेवली.

सकाळी कंपनीचा परीक्षक आला. सक्सेना नावाचा चष्मेवाला तरुण, स्वतःची विजेची कढई आणि स्वतःचं तेल घेऊन. गावातला माणूस उरला नाही जो फाटकात नव्हता. विमलेशचं पाहून ज्यांनी हाच बटाटा लावून तीन नंबरमध्ये ठेवला होता त्या बायका भिंतीला टेकून एका रांगेत. विमलेश सर्वांत पुढे, कारण नेकराम अजून आला नव्हता आणि तिचा पदर डोक्यावरच होता. तिचे डोळे काय चमकत होते! भीती होती का? असेल. मला तर जत्रेत पाळण्यावर चढणाऱ्या पोरीसारखे दिसले.

सक्सेनानं पोती स्वतः निवडली. दाराजवळचं एक, मधल्या माळ्यावरचं एक. मग बोट अगदी आतल्या कोपऱ्याकडे गेलं, नळ्यांच्या खाली, जिथं थंडी सर्वांत जास्त साठते. छिद्दानं माझा दंड इतका जोरात दाबला की वळ उठला.

दाराजवळच्या पोत्याच्या चकत्या तेलात पडल्या. बुडबुडे उठले, थांबले. झारा वर आला. गव्हापेक्षा फिकट! एका रात्रीत बटाट्यानं अजून एक पाऊल टाकलं होतं. लोक ओरडले. सक्सेनानं हात वर केला, "थांबा हो, अजून दोन आहेत." मधलं पोतंही पास. मग कोपऱ्यातलं. झारा वर आला. बऱ्याच चकत्या गव्हाळ, पण तीन-चार चकत्यांच्या कडेला तपकिरी कडं.

सक्सेनानं पट्टी लावली. चकती उलटली. पुन्हा पट्टी लावली. "कोपऱ्यातलं अजून एक पोतं आणा," तो म्हणाला.

पल्लेदार पोतं आणायला गेले. मागे कुणीतरी खाकरलं, विमलेशचा पदर खाली आला. नेकराम गर्दीतून वाट काढत पुढे आला आणि माझ्या शेजारी उभा राहिला. त्याच्या हातात चकत्यांची ती माळ होती. तो काहीतरी पुटपुटत होता. मी कान दिला, तर हा माणूस दाऊजीच्या नावाचा जप करत होता. भावजय हरावी म्हणून कुणी देवाला वेठीला धरत नाही, एवढं मला कळतं. मी त्याच्याकडे बघतच राहिलो.

दुसऱ्या पोत्याच्या चकत्या तेलात पडल्या. बुडबुडे. बुडबुडे. बुडबुडे थांबले.

सक्सेनानं झारा उचलला, पट्टी धरली, एक चकती तोंडात टाकली, कुरकुर चावली आणि म्हणाला, "पास. सगळी खोली पास. ट्रक सांगतो."

काय आरडाओरडा झाला म्हणून सांगू! पल्लेदारांनी पोती डोक्यावर घेऊन नाच केला. बायका एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मी आजारातून उठलेला माणूस, मीही नाचलो आणि धाप लागून पोत्यावर बसलो. छिद्दा कडुलिंबाला टेकून लहान पोरासारखा रडत होता. विमलेश त्याच्याजवळ गेली.

"उस्ताद, रडताय काय? पुन्हा माझ्या बटाट्याची दया करायची नाही, बरं का!"

सगळे हसले. छिद्दा डोळे पुसत हसला. आणि तेवढ्यात नेकराम पुढे झाला. मला वाटलं, आता म्हणेल, गिर्राज, तिला सांग, शेतं तिची. मी उठून दोघांच्या मध्ये उभा राहायला निघालो. पण त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवून मला बाजूला सारलं.

"बहू," तो म्हणाला.

गलका थांबला. लग्न होऊन आल्यापासून जेठानं तिला थेट हाक मारल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. पदराआडचं अंग ताठ झालं.

"उस्तादाला बोलू नकोस. थंडी मी द्यायला लावली. मी आत गेलो होतो. हात लावला, तर तुझी पोती गरम. मला वाटलं, तुझं पीक सडतंय. पैज राहिली बाजूला, जगवीरच्या घरचं पीक माझ्या डोळ्यांदेखत कसं सडू देऊ? म्हटलं, उस्ताद, जरा थंडी दे, कुणाला सांगू नको. तो बिचारा आजवर गप्प राहिला."

मी छिद्दाकडे पाहिलं. तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता.

विमलेश सवयीनं माझ्याकडे वळली. "भैया, जेठजींना सांगा..." आणि थांबली. पदर तसाच होता, पण तिनं तोंड त्याच्याकडे फिरवलं.

"जेठजी, पोती गरम लागली, तर मला का नाही विचारलंत? मी सांगितलं असतं ना, ती गरमच ठेवायचीत."

"कसं विचारणार, बहू?" नेकराम म्हणाला. "गिर्राज आजारी होता."

मी हसायला तोंड उघडलं आणि मला हसताच येईना. एका घरातली दोन माणसं. मधे एक अंगण. आणि मी पडलो खाटेवर, म्हणून एवढी मोठी खोली साखरेची झाली. कुणीच हसलं नाही. सक्सेनासुद्धा चकती हातात धरून उभा होता.

पदराआडून ती म्हणाली, "आता भैया बरे झालेत. तरी मलाच विचारत जा."

नेकरामनं मान डोलावली. गमछ्यानं तोंड पुसलं, खाकरला, आणि हातातली माळ तिच्यापुढे धरली. "मग विचारतो. पुढच्या पेरणीला माझ्या रानातही हाच लावायचा म्हणतोय. बियाणं कधी सांगून ठेवू?"

तिनं माळ घेतली. "बसा, जेठजी," ती म्हणाली, "सांगते."

मी आपला भट्टीकडे वळलो आणि चकत्या तळायला घेतल्या. गावाला बेडई-जिलबी कुणी खिलवायची यावरून पल्लेदारांचं भांडण सुरू झालं होतं, आणि मला आता दुसरं काही काम उरलं नव्हतं.